वाचक विचारतात: अर्गोबा म्हणजे नक्की कोण?

मागच्या अंकात हरारवर लिहिलं होतं, म्हणजे पूर्व इथिओपियातलं ते तटबंदीचं जुनं शहर, आणि त्यात एका ओळीत म्हणलं होतं की शहराच्या एका दरवाजाला अर्गोबा लोकांचं नाव आहे. त्या एका ओळीवर जेवढे प्रश्न आले तेवढे बाकीच्या अख्ख्या लेखावर आले नाहीत. त्यामुळं या वेळचं पूर्ण सदर अर्गोबांना. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न (पुणे): माझे वडील साठच्या दशकात हरार मिलिटरी अकॅडमीत इन्स्ट्रक्टर होते. त्यांच्या अल्बममध्ये एका दगडी दरवाजाचा फोटो आहे आणि मागं पेनानं "अर्गोब गेट" लिहिलंय. आम्हाला लहानपणी वाटायचं अर्गोब हे गावाचं नाव असेल. हे लोक कोण, कुठं राहतात, किती आहेत?

वडिलांनी बरोबर लिहिलंय. ती अकॅडमी १९५०च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली आणि कित्येक वर्षं आपल्याच सैन्यातले अधिकारी ती चालवत होते, त्यामुळं हरारचे असे फोटो पुण्यात, देहरादूनला बऱ्याच घरांत पडून असणार, नीट जपून ठेवा. हरारच्या तटाला जुने पाच दरवाजे आहेत, त्यातल्या पूर्वेकडच्या दरवाजाला हरारी लोक "अर्गोब बारी" म्हणतात. तो एरेर दरीच्या बाजूला उघडतो आणि त्या बाजूच्या डोंगरात अर्गोबांची गावं आहेत. म्हणजे ज्या दिशेचे लोक त्यांचं नाव, आपला दिल्ली दरवाजा जसा दिल्लीकडं तोंड करून असतो तसंच.

आता हे लोक कुठं राहतात ते कळलं की निम्मा इतिहास आपोआप कळतो म्हणून जरा नकाशा उघडून बसा. इथिओपियाचं मोठं पठार आहे, थंड, उंच, गहू-जव-तेफ पिकवणारं, आणि पूर्वेला ते एकदम खाली कोसळतं ते थेट अफारच्या तापलेल्या मैदानात. वर अम्हारा, ते बहुतेक ख्रिश्चन शेतकरी. खाली अफार, ते मुस्लिम, उंट-शेळ्यांवाले. आणि मधल्या उतारावर, ना धड थंड ना धड गरम अशा पट्ट्यात अर्गोबा. अंकोबेर, अलियू अंबा, शेवा रोबित, उत्तरेला केमिसेच्या आसपास अशी ही गावं विखुरलेली आहेत. मग मध्ये अडीचशे किलोमीटरच्या वर मोकळी जागा, म्हणजे दुसऱ्या लोकांची जागा, आणि परत हरारजवळ दुसरा घोळका. सलग प्रदेश असा नाहीच. सगळे मुस्लिम, सुन्नी. उतारावर पायऱ्या पाडून ज्वारी पिकवणारे, कापूस लावणारे, विणकाम करणारे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्यापारी.

किती? २००७च्या जनगणनेत १,४०,१३४. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा म्हणजे काहीच नाही. पण तेरा वर्षं आधी, १९९४ला तो ६२,८३१ होता. दुपटीच्या वर गेला! हे नुसती पोरं जन्माला येऊन होत नाही, त्यामागची गोष्ट वेगळी आहे, ती खाली एका प्रश्नात येईल.

प्रश्न (नांदेड): एका यूट्यूब चॅनेलवर ऐकलं की हे लोक अरबस्तानातून आलेले आहेत, पैगंबरांच्या नातलगांपैकी. दुसरीकडं वाचलं की ते मूळचे तिथलेच. खरं काय धरायचं?

दोन्ही धरा, पण वेगवेगळ्या खिशात.

अर्गोबा स्वतः काय सांगतात ते आधी. पैगंबरांच्या हयातीत, ६१५च्या सुमाराला, मक्केत छळ व्हायला लागल्यावर काही मुस्लिम समुद्र ओलांडून हबश देशात, म्हणजे इथिओपियात, गेले आणि तिथल्या ख्रिश्चन राजानं त्यांना आसरा दिला, ही गोष्ट इस्लामच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अर्गोबांची बरीच घराणी आपलं मूळ तिथं नाहीतर त्यानंतर आलेल्या अरब कुळांत नेऊन पोचवतात. नावाची फोडसुद्धा तशीच करतात, "अरब गब्बा", म्हणजे अरब आत आला. ही फोड लोकांनी जुळवलेली आहे, भाषावाले काही ती मानत नाहीत.

आता पुरावा. त्यांची भाषा अरबी नाही, अरबीतून निघालेलीसुद्धा नाही. ती इथिओपियातलीच सेमिटिक भाषा आहे, अम्हारीची सख्खी बहीण, इतकी जवळची की काही अभ्यासक तिला अम्हारीची बोलीच म्हणायचे. समजा हजारो अरब कुटुंबं येऊन वसली असती तर भाषेनं ते लपवलं नसतं. त्यामुळं झालं असं असावं की आजच्या सोमालीलँडच्या किनाऱ्यावरच्या झैला बंदरावरून थोडे व्यापारी, थोडे मौलवी वर आले, इथल्या बायकांशी लग्नं केली, आजूबाजूच्या लोकांनी हळूहळू धर्म घेतला, आणि मग दोन-चार पिढ्यांनी सगळ्यांनीच एकच वंशावळ सांगायला सुरुवात केली.

पण म्हणून "खोटी वंशावळ" म्हणून हसू नका, मला तो प्रकार आवडत नाही. शेजारी कोण होता बघा ना. १२७० साली पठारावर जे राजघराणं आलं ते स्वतःला थेट राजा सॉलोमन आणि शेबाच्या राणीचा वंश म्हणवत होतं आणि त्याच जोरावर त्यांनी पुढं सातशे वर्षं राज्य केलं, अगदी १९७४ला हैले सेलासी गादीवरून उतरेपर्यंत. वरच्या माणसाचा पणजोबा सॉलोमन असेल तर उतारावरचा माणूस काय सांगणार की आमचा पणजोबा ज्वारी पेरायचा? त्यानंही मक्का सांगितली. दोघांच्याही दाव्याला पुरावा सारखाच, फक्त एकाकडं फौज मोठी होती.

प्रश्न (कोल्हापूर, इतिहासाचे शिक्षक): या लोकांचं स्वतःचं राज्य कधी होतं का? की कायम कुणाच्या तरी हाताखालीच?

सर, होतं, आणि चांगलं मोठं होतं. फक्त त्याला "अर्गोबांचं राज्य" असं लेबल लावताना मी जरा सांभाळून लावीन, कारण त्या काळी राज्य घराण्याचं असायचं, जमातीचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सुरुवात शेवाच्या सुलतानीपासून. शेवा म्हणजे अंकोबेरच्या आसपासचा प्रांत. मख्झुमी नावाचं घराणं, मक्केच्या त्याच नावाच्या कुळातले म्हणवणारे. यांची एक छोटीशी अरबी बखर एन्रिको चेरुल्ली या इटालियन अभ्यासकाला सापडली आणि त्यामुळं हे राज्य होतं हे जगाला कळलं, नाहीतर सगळं पुसलं गेलं होतं. ती बखर म्हणजे भांडणांची यादीच आहे म्हणा, कुणी कुणाला मारलं, कुणी कुणाला गादीवरून हाकललं. अशी आपसात मारामारी चालू असताना १२८५ला शेजारच्या इफातच्या वालस्मा घराण्यानं, उमर वालस्मा त्यांचा मूळपुरुष, येऊन ते राज्य गिळलं. बघा, पठारावर सॉलोमनवाले १२७०ला, उताराला इफातवाले १२८५ला. पंधरा वर्षांत दोन तालेवार घराणी एकमेकांच्या डोक्यावर-पायाशी येऊन बसली, आणि दोघांनाही पाहिजे होता तोच रस्ता, झैला बंदराकडं जाणारा. मीठ वर, सोनं-हस्तिदंत-गुलाम खाली, कापड वर. जो हा रस्ता धरेल तो श्रीमंत.

दमास्कसचा अल-उमरी चौदाव्या शतकात लिहितो की तिकडं सात मुस्लिम राज्यं आहेत आणि इफात त्यातलं महत्त्वाचं. तिथं ऊस होतो, केळी होतात, आणि एक झाड आहे ज्याची पानं लोक चघळतात. ते चाट. (आपली शेवपुरीवाली चाट नाही हो, पानं चघळली की झोप उडते, तरतरी येते, आजही तिकडं तो केवढा मोठा धंदा आहे.) याच चाटवरून एक भारी किस्सा आहे. १३३२ला इफातचा सब्र अद-दीन सम्राट अम्दा सेयोनच्या विरुद्ध उठला तेव्हा त्यानं काय काय वल्गना केल्या ते सम्राटाच्या बखरकारानं लिहून ठेवलंय, त्यात एक अशी की तुझी राजधानी घेईन आणि तिथं चाटची झाडं लावीन, कारण मुसलमानांना ती आवडतात! आता शत्रूच्या तोंडची वाक्यं शत्रूच्या बखरीत, म्हणजे मीठमसाला असणारच, पण राजधानी जाळीन-फाळीन सोडून झाडं लावीन ही धमकी मला तरी खरी वाटते. अम्दा सेयोननं त्याला हरवलं, आणि त्याच्याच भावाला, जमाल अद-दीनला, इफातच्या गादीवर बसवलं. भावाला फोडून बसवणे ही युक्ती कोल्हापूरकरांना नवीन नाही.

त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षं असंच, उठाव, पराभव, परत उठाव. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला वालस्मा सुलतान साद अद-दीनला पाठलाग करत करत थेट झैलाला नेऊन मारलं. पोरं येमेनला पळाली, परत आली आणि पूर्वेला सरकून नवीन राज्य मांडलं, तेच अदल. १५२०ला त्याची राजधानी हरारला आली. आणि मग तो माणूस, इमाम अहमद, ज्याला ख्रिश्चन लोक "ग्राञ" म्हणजे डावखुरा म्हणतात. १५२९ला शिंब्रा कुरेला त्यानं सम्राटाची फौज मोडली आणि पुढची चौदा वर्षं अख्खं पठार त्याच्या घोड्यांखाली होतं. चर्च जाळली, मठ जाळले, हे इथिओपियातले ख्रिश्चन अजून विसरलेले नाहीत.

आणि गोव्याच्या वाचकांनी इथं कान द्यावा. १५४१ला गोव्याहून पोर्तुगीज गव्हर्नर इस्तेव्हाव द गामा आरमार घेऊन लाल समुद्रात शिरला आणि सम्राटाच्या मदतीला चारशे बंदूकवाले मसावाला उतरवून गेला. त्यांचा म्होरक्या त्याचा भाऊ क्रिस्तोव्हाव. दोघं वास्को द गामाची पोरं. क्रिस्तोव्हावला अहमदनं १५४२ला पकडून मुंडकं उडवलं, पण उरलेल्या पोर्तुगीजांनी आणि सम्राटानं मिळून १५४३ला अहमदलाच मारलं. खेळ खल्लास.

इथून पुढं अर्गोबांची जी विखुरलेली अवस्था आपण आज बघतो ती तयार झाली. दोन्ही राज्यं लढून लढून थकलेली, आणि दक्षिणेकडून ओरोमो लोक गुरं-ढोरं घेऊन वर सरकत आले, मधली सगळी मोकळी जमीन त्यांनी भरून काढली. हरारच्या अमीर नूरनं शहराभोवती तो तट बांधला तो याच धास्तीनं. जे तटाच्या आत किंवा आसऱ्याला गेले ते वाचले, जे उताराच्या कडेकपारीत राहिले ते वाचले, मधले इकडंतिकडं मिसळून गेले. जुनी गावं उजाड पडली. नोरा, अस्बारी, मसाल अशा ठिकाणी दगडी मशिदी, घरं, कबरी अजून उभ्या आहेत, फ्रेंच पुरातत्त्ववाल्यांनी अलीकडं तिथं काम केलं आणि वालस्मा घराण्यातल्यांचे कबरीवरचे लेखसुद्धा मिळाले. म्हणजे बखरीत वाचलेलं जमिनीत सापडलं.

बरं, वालस्मा एवढ्यावर संपले नाहीत. एकोणिसाव्या शतकात शेवाचा ख्रिश्चन राजा साहले सेलासीचा उतारावरचा सुभेदार कोण, तर वालस्मा मोहम्मद! त्याच जुन्या घराण्याचं नाव. गोंचोला राहायचा, राजाचा सरकारी तुरुंग त्याच्या ताब्यात, आणि त्यात राजाचेच भाऊबंद डांबलेले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याशी लढले त्यांचाच जेलर. इतिहास असला की कादंबरी लिहायची गरज पडत नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मलिक अंबर हबशी होता, हरारकडचा होता असं म्हणतात. मग तो अर्गोबा असेल का? आणि जंजिऱ्याचे सिद्दी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला, त्यामुळं सरळ सांगतो, मला नाही वाटत. कारण साधंय. मलिक अंबरचा जन्म साधारण १५४८चा, लहानपणीचं नाव चापू, आणि तो जन्मानं मुस्लिम नव्हता, विकला गेल्यावर बगदादच्या मालकाकडं मुस्लिम झाला. अर्गोबा त्याच्या कितीतरी आधीपासून मुस्लिम. आणि मुसलमानानं मुसलमानाला गुलाम करायचं नाही हा नियम, म्हणजे निदान कागदावर तरी होता. त्यामुळं या बाजारात गुलाम म्हणून उभा राहायचा तो बहुतेक करून ओरोमो नाहीतर दक्षिणेकडच्या कुठल्यातरी बिगरमुस्लिम, बिगरअम्हारा जमातीचा.

आणि आता जी गोष्ट अर्गोबांबद्दल लिहिताना लोक गाळतात. त्या रस्त्यावर अर्गोबा गुलाम म्हणून कमी आणि व्यापारी म्हणून जास्त दिसतात. तो रस्ताच त्यांचा पोटापाण्याचा होता आणि त्या रस्त्यावरून मीठ-कॉफीबरोबर माणसंही जात होती. त्यांच्या इतिहासाला हळवेपणानं "छोटी, दबलेली जमात" एवढंच म्हणणं अर्धवट आहे. दबलेली होती हे खरं, पण बाजारात बसलेली होती हेही खरं.

जंजिऱ्याचं उत्तरही असंच. आपण त्या संस्थानाला हबसाण म्हणायचो, पण हबशी ही ओळख इकडं आल्यावर तयार झाली, जहाजातून उतरलेला माणूस तिकडं कुठल्या जमातीचा होता ते खरेदी करणाऱ्यानं विचारलं नाही. एखाददुसरा अर्गोबा खलाशी, व्यापारी आला नसेलच असं कसं म्हणू, पण सिद्दी म्हणजे अर्गोबा असं समीकरण कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर पुढं ढकलू नका.

प्रश्न (ठाणे): जुन्या पुस्तकात "बॉम्बेहून शोआला गेलेलं मिशन" असा उल्लेख वाचला. त्याचा या लोकांशी काही संबंध?

आहे ना. शोआ म्हणजे शेवाच. १८४१ला मुंबई सरकारनं कॅप्टन विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस या बॉम्बे इंजिनियर्सच्या अधिकाऱ्याला तोफा, बंदुका, भेटवस्तू देऊन साहले सेलासीकडं पाठवलं. एडनवरून ताजुरा, तिथून अफारचं वाळवंट तुडवत वर राजधानी अंकोबेर. नोव्हेंबर १८४१ला तहावर सह्या झाल्या आणि त्यातून हाती फार काही लागलं नाही. पण पठारावर चढायच्या आधी यांना थांबवणारा, चौकशा करणारा, जकात बघणारा माणूस म्हणजे वर सांगितलेला वालस्मा मोहम्मद, आणि पायथ्याचा बाजार म्हणजे अर्गोबांचं अलियू अंबा. हॅरिसचं आणि वालस्माचं बिलकूल जमलं नाही. दुसरा एक इंग्रज, चार्ल्स जॉन्स्टन, पुढच्या वर्षी तिकडं गेला आणि अलियू अंबातच मुक्काम ठोकून राहिला. त्याच्या लिखाणात तो बाजार दिसतो, खालून मीठ घेऊन अफार येतायत, वरून धान्य घेऊन अम्हारा येतायत, आणि मधे बसून दोघांच्या भाषा बोलून सौदा जुळवणारे हे.

हॅरिस मात्र राजवाड्याच्याच कौतुकात. अर्गोबांबद्दल त्याला कुतूहल असं नव्हतंच.

प्रश्न (सोलापूर): आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर. त्यांच्या विणकामाबद्दल सांगा.

काका, थोडक्यात सांगतो. उताराच्या खालच्या भागात कापूस होतो, सूत बायका काततात, मागावर पुरुष बसतात, आणि कापड वर पठारावर जातं जिथं थंडी आहे आणि पांढरी सुती शाल प्रत्येकाला लागते. म्हणजे गिऱ्हाईक ख्रिश्चन, विणणारा मुस्लिम. इथिओपियात विणकर, लोहार, कुंभार यांना जमीनवाल्या शेतकऱ्यांनी कायम खालचं मानलं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मिलचं स्वस्त कापड आल्यावर काय झालं तेही तुम्ही ओळखाल.

प्रश्न (बेळगाव): वाचलं की बऱ्याच अर्गोबांना अर्गोबा भाषा येतच नाही. भाषाच गेली तर मग ते अर्गोबा कसले?

बेळगावहून हा प्रश्न यावा यात नवल नाही. आपण भाषेवर राज्य मागितलेली माणसं, आपल्याला भाषा गेली म्हणजे सगळं गेलं वाटतं.

आकडे ऐका. १९९४ला ६२,८३१ जणांनी आपण अर्गोबा असं सांगितलं आणि त्यातल्या साधारण १०,८६० जणांचीच मातृभाषा अर्गोबा होती. सहातला एक. हरारकडच्या गावांत लोक ओरोमो बोलतात, शेवा-अंकोबेरकडं अम्हारी बोलतात. भाषा धरून ठेवली ती शोंके आणि तल्हा या डोंगरावरच्या गावांनी आणि त्यांच्या आसपासच्यांनी. शोंके म्हणजे कड्यावर बसलेलं दगडी घरांचं गाव, इस्लामी शिक्षणाचं जुनं केंद्र. तिथली अर्गोबा ऐकली की अम्हारी येणाऱ्याला निम्मं कळतं आणि निम्मं डोक्यावरून जातं, कारण अम्हारीत कधीच गळून गेलेला "ह" त्यांनी शब्दांच्या तोंडाशी अजून ठेवलाय.

आता भाषा का गेली? तर व्यापारामुळं. गंमत वाटेल पण ज्या धंद्यानं त्यांना जगवलं त्यानंच भाषा खाल्ली. मध्यस्थाला समोरच्याची भाषा यावीच लागते, अफारशी अफार, वरच्यांशी अम्हारी, हरारला ओरोमो आणि हरारी, नमाजाला आणि किताबाला अरबी. एवढ्या सगळ्यांत घरची भाषा घरातल्या घरात, मग आजी-आजोबांपुरती, मग गेली. त्यात १८७८ला सम्राट योहानेस चौथा यानं उत्तरेकडच्या वोल्लो प्रांतातल्या मुसलमानांना ख्रिश्चन व्हा नाहीतर जा असा हुकूम काढला, त्या धामधुमीत आपली वेगळी बोली रस्त्यावर बोलायची हौस कुणाला असणार.

पण तरी अर्गोबा उरले. कशावर? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. धर्म एकट्यानं नाही टिकवलं, कारण अफार मुस्लिम, ओरोमोही तिकडचे मुस्लिम, हरारी तर मुस्लिमच, धर्मावर बघितलं तर ते कधीच त्यांच्यात विरघळले असते. टिकवलं लग्नांनी. मुलगी आपल्यातच द्यायची, शक्यतो चुलत-मावस नात्यातच द्यायची, हा दंडक कडक होता. आणि दुसरं, धंदा आणि जागा. गुरांमागं फिरायचं नाही, पठारावर कूळ म्हणून राबायचं नाही, उतारावर दगडी घर बांधून राहायचं आणि बाजार करायचा. बोलायला ओरोमो, पण लग्नाला आणि मयताला अर्गोबा. तुम्ही विचाराल हे खरंच "अर्गोबा" आहे का, तर तो प्रश्न त्यांना पडत नाही हो, तो आपल्याला पडतो.

प्रश्न (अमरावती, एमपीएससीचा अभ्यास करणारी): जनगणनेत आकडा दुप्पट का झाला? सरकारनं काही केलं का?

शाब्बास, वर अर्धवट सोडलेलं तू बरोबर पकडलंस.

१९९१ला लष्करी दर्ग राजवट पडली आणि १९९५ला नवीन राज्यघटना आली. तिचा गाभा असा की देश म्हणजे "राष्ट्रं, राष्ट्रीयत्वं आणि लोक" यांचा संघ. कलम ३९ प्रत्येकाला स्वनिर्णयाचा हक्क देतं, अगदी फुटून बाहेर पडण्यापर्यंत, कागदावर. राज्यं वस्ती, भाषा, ओळख आणि लोकांची संमती बघून पाडली. म्हणजे आता तू कोण आहेस हे सांगण्यात फायदा होता, शाळा, बजेट, नोकऱ्या, खुर्ची. इतके दिवस जो माणूस बाजारात अम्हारा, मशिदीत नुसता मुसलमान आणि घरी अर्गोबा होता त्याला सरकारनं विचारलं की एकच रकाना भर.

अडचण अशी की ज्यांचा सलग मुलूख नाही, भाषा बऱ्याच जणांना येत नाही, त्यांना यात बसवायचं कसं? अफार राज्यात पाच झोन आणि त्यांच्या बाहेर एक अर्गोबा विशेष वोरेडा काढला. वोरेडा म्हणजे आपल्या तालुक्यासारखं, "विशेष" म्हणजे त्या समाजाचा स्वतःचा. पुढं अम्हारा राज्यातही एक विशेष वोरेडा मिळाला. स्वतःचा पक्ष झाला, २०१०च्या निवडणुकीत संसदेच्या ५४७ पैकी १ जागा त्या पक्षाकडं. हरारकडच्यांना मात्र असं काही नाही, तिथं राज्य हरारींच्या नावाचं आणि लोकसंख्येत ओरोमो जास्त, अर्गोबा मधल्यामध्ये.

त्यामुळं १९९४ ते २००७ मध्ये जे वाढलं ते माणसांपेक्षा जास्त उत्तर देण्याचं धाडस, असं मी म्हणेन. ज्यांनी आधी अम्हारा नाहीतर ओरोमो लिहिलं होतं त्यांनी आता अर्गोबा लिहिलं. काही जण याला राजकारण म्हणतात. असेल. पण आधीच्या रकान्यात अम्हारा लिहिणं हेही राजकारणच होतं की, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नव्हतं. मेन्सला "ओळख आणि राज्यसंस्था" असलं काही आलं तर हे उदाहरण वापर, परीक्षकानं नक्की वाचलेलं नसणार.

प्रश्न (रत्नागिरी): भारताशी यांचा काही जुना व्यापारी संबंध सापडलाय का? पोर्तुगीज-इंग्रजांच्या आधीचा?

थेट अर्गोबांच्या नावानं नाही, पण फार जवळचा आहे. हरारच्या बाजूलाच दिरे दावा शहर आहे, त्याच्याजवळ हर्ला नावाचं गाव आहे. हर्ला हे तिथल्या एका जुन्या, आता संपलेल्या लोकांचं नाव, आणि अर्गोबा नि हरारी दोघंही त्यांच्याशी आपलं नातं सांगतात. २०१५पासून टिमोथी इन्सोल या पुरातत्त्वज्ञानं तिथं खणायला घेतलं तर बाराव्या शतकातली मशीद, दागिन्यांचं काम होत असल्याच्या खुणा, मालदीवच्या कवड्या, चिनी भांड्यांचे तुकडे आणि अकीकाचे, काचेचे मणी असं सगळं निघालं. अकीकाची कारागिरी पश्चिम भारताच्या वळणाची, खंबायतच्या बाजूची. म्हणजे इफातच्या सुलतानांच्याही आधी झैलावरून माल आत येत होता आणि त्यात अरबी समुद्राच्या आपल्या किनाऱ्यावरचा मालही होता. कोकणातून काय गेलं असेल ते मला सांगता येत नाही, दाभोळवाले म्हणतील आमच्याकडूनच गेलं.

प्रश्न (नाशिक): आम्ही रिटायर्ड लोकांचा ग्रुप दरवर्षी एक वेगळा देश करतो. अर्गोबांची गावं बघता येतील का?

शोंके मनात भरलं असेल तर सध्या नको. ते अम्हारा राज्यात येतं आणि २०२३पासून तिकडं सरकार आणि फानो नावाचे सशस्त्र गट यांच्यात लढाई चालू झाली, ऑगस्ट २०२३ला आणीबाणी लावली होती, परिस्थिती बदलत राहते. जायच्या आधी आपल्या दूतावासाकडं चौकशी करा, टूरवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, तो सगळं सेफ आहे असंच सांगणार.

हरारकडचं मात्र जमण्यासारखं आहे. आदिस अबाबाहून दिरे दावाला विमान, तिथून गाडीनं हरार, तटाच्या आतलं शहर २००६पासून जागतिक वारशात आहे ते बघायचं, तरसांना रात्री हातानं मांस भरवतात तो प्रकार सगळेच बघतात तर तुम्हीही बघाल. मग एक दिवस कोरोमीसाठी ठेवा. हे अर्गोबांचं दगडी घरांचं गाव एरेर दरीच्या वर आहे, एका दिवसात जाऊन परत येता येतं. अर्गोबा समाजातलाच वाटाड्या घेतलात तर बरं, नाहीतर हरारचा माणूस तुम्हाला ते हरारींचंच म्हणून दाखवेल. फोटो काढायच्या आधी विचारा, विशेषतः बायकांचे. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, सगळे नमाजाला असतात. आणि गुडघ्यांचा विचार करून बूट न्या, चढ आहे.